‘विल’ म्हणजे भविष्यकाळ नव्हे

काही वर्षांपूर्वी पदवीच्या पहिल्या वर्षाच्या इंग्रजीच्या उत्तरपत्रिका आमच्याकडे तपासणीसाठी आल्या होत्या. भाषांतराच्या प्रश्नात एक साधे वाक्य होते : ‘मी उद्या पुण्याला जाणार आहे.’ एका विद्यार्थिनीने त्याचे इंग्रजी ‘आय अ‍ॅम गोइंग टू पुणे टुमॉरो’ असे केले होते. सोबत आलेल्या आदर्श उत्तरात मात्र ‘आय शॅल गो टू पुणे टुमॉरो’ असे होते. मूळ वाक्य भविष्यकाळी, विद्यार्थिनीचे वाक्य चालू वर्तमानकाळी. सबब आम्ही लाल शाईची रेघ ओढली आणि एक गुण कापला. गठ्ठा परत गेला. पुढे बऱ्याच दिवसांनी लक्षात आले की, इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे असा माणूस उद्याच्या ठरलेल्या प्रवासाविषयी बोलताना बहुधा त्या मुलीने लिहिले तेच बोलेल, आणि आदर्श उत्तरातले वाक्य कानी पडले तर क्षणभर थबकेल. कापलेला गुण आता परत देता येत नाही. तो का कापला गेला याची चौकशी मात्र करता येते. ती करावी म्हणून हे लेखन.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. इंग्रजीत पुढे घडायच्या गोष्टीविषयी बोलण्याच्या पाच-सहा रीती आहेत. त्यांतली एक निवडताना बोलणारा काळ निवडत नसतो. काळ बहुतेक वेळा ‘टुमॉरो’सारख्या शब्दानेच सांगून झालेला असतो. जे अजून घडलेले नाही त्याविषयी आपण कशाच्या बळावर बोलत आहोत, हे तो निवडत असतो. आणि हीच निवड मराठी माणूस आपल्या भाषेत दिवसातून दहा वेळा बिनचूक करत असतो. इंग्रजीच्या तासाला आम्ही शिक्षक त्याला ती विसरायला लावतो.

ही विस्मृती आली कोठून? इंग्रजीचे व्याकरण प्रथम लिहिले गेले ते लॅटिनच्या साच्यात. लॅटिनमध्ये धातूला प्रत्यय लागून भविष्यकाळाचे रूप होते. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्यय नाही. तेव्हा लॅटिनच्या तक्त्यातले ते रिकामे घर भरण्यासाठी ‘शॅल’ आणि ‘विल’ यांना बोलावण्यात आले. वस्तुतः ही दोन्ही जुन्या इंग्रजीतली स्वतंत्र क्रियापदे. ‘विल’चा मूळ अर्थ इच्छिणे, ‘शॅल’चा मूळ अर्थ देणे लागणे, बांधील असणे. एकाचा जन्म इच्छेतून, दुसऱ्याचा ऋणातून.

१६५३ साली जॉन वॉलिस यांनी इंग्रजीचे व्याकरण लॅटिन भाषेत लिहिले. हे तेच गणितज्ञ, ज्यांनी दोन वर्षांनी अनंताचे आडव्या आठासारखे चिन्ह रूढ केले. वॉलिस यांनी नियम सांगितला तो असा : प्रथमपुरुषी ‘शॅल’ नुसते भाकीत करते आणि ‘विल’ वचन देते किंवा धमकावते, द्वितीय व तृतीय पुरुषी नेमके उलट. नियम निराधार नव्हता. पण तो एका प्रदेशाच्या आणि एका वर्गाच्या बोलीचा होता. स्कॉटलंड, आयर्लंड आणि अमेरिका येथल्या लोकांनी तो कधी मनावर घेतला नाही. १९०६ साली फाउलर बंधूंनी ‘द किंग्ज इंग्लिश’ या पुस्तकात या दोन शब्दांवर पानेच्या पाने खर्च केली आणि वर हेही सुचवले की, जो दक्षिण इंग्लंडात जन्मला नाही त्याला हे साधणे कठीणच. ज्या नियमाविषयी खुद्द इंग्रज असे म्हणत होते, तो ‘रेन अँड मार्टिन’सारख्या व्याकरणांतून आणि तर्खडकरी भाषांतराच्या परंपरेतून आमच्या शाळांत पोचला आणि पाढ्यासारखा पाठ झाला. पुढे १९२४ साली ओटो येस्पर्सन यांनी आणि २००२ साली हडलस्टन व पुलम यांनी केंब्रिजच्या बृहद्व्याकरणात, इंग्रजीला खरा भविष्यकाळ नाहीच, असे सविस्तर मांडले. आमच्या फळ्यावरचा तक्ता मात्र पुसला गेला नाही.

आता थोडे घरात डोकावू. लग्नाची पत्रिका हातात देऊन कोणी ‘याल ना?’ असे विचारले, तर उत्तरे चार प्रकारची संभवतात. ‘येईन.’ ‘येणार.’ ‘येतो.’ आणि मांडवातून फोन आला तर, ‘आलोच.’ चारही उत्तरे भविष्याविषयीच आहेत; पण यजमान पाने मांडताना चारही सारखी धरत नाही. ‘येईन’ म्हणणाऱ्याने एक दार उघडे ठेवले आहे. ‘येणार’ म्हणणाऱ्याचे आधीच ठरले आहे. ‘येतो’ म्हणणाऱ्याने या क्षणी शब्द दिला आहे. ‘आलोच’ म्हणणारा कदाचित अजून चपलाही घालत असेल. पण आपले येणे झाल्यातच जमा धरा, असे त्याचे सांगणे आहे. शाळेच्या व्याकरणाच्या हिशेबाने यांतला निखळ भविष्यकाळ एकच, ‘येईन’; आणि भरवसा सर्वांत कमी तोही त्याचाच.

हे आमच्या पूर्वसूरींना ठाऊक नव्हते असे नाही. पाणिनीने भविष्यासाठी एक रूप ठेवले नाही. सामान्य भविष्याला लृट् आणि जे आज घडायचे नाही त्याला लुट्, अशी त्याची वाटणी आहे. शिवाय वर्तमानाला लागून असलेल्या भूत-भविष्यासाठी वर्तमानाची रूपे विकल्पाने चालतात, आणि जेथे आशंसा, म्हणजे अपेक्षा, आहे तेथे भविष्यासाठी भूतकाळाची रूपेही चालतात, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. आपला ‘येतो’ आणि ‘पाऊस आला तर पेरणी होईल’ यातला ‘आला’, दोघांचीही सोय येथे आहे. लुट्ची घडण तर पाहण्यासारखी आहे. ‘गन्तास्मि’ म्हणजे ‘गन्ता’ अधिक ‘अस्मि’ : जाणारा असा मी आहे. मराठीचे ‘जाणार आहे’ हे त्या लुट्पासून आले असा आमचा दावा नाही. पण घडण तीच आहे. कर्ता आजच जाणारा होऊन बसला आहे, आणि ‘आहे’ हे क्रियापद त्याला वर्तमानात घट्ट धरून आहे.

येथून इंग्रजीकडे वळले की ‘गोइंग टू’ अनोळखी राहत नाही. ‘आय अ‍ॅम गोइंग टू रिझाइन’ या वाक्यातला ‘अ‍ॅम’ आणि ‘राजीनामा देणार आहे’ यातला ‘आहे’ एकच काम करतात : पुढच्या गोष्टीचे मूळ आज रोवलेले आहे, असे सांगतात. १६४६ साली, वॉलिसच्या सात वर्षे आधी, जोशुआ पूल यांनी लॅटिन शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या व्याकरणात ‘गोइंग टू’ हे भविष्यवाची कृदंताचे चिन्ह म्हणून नोंदवले आहे. ‘णार’ हेही कृदंतच. म्हणजे ज्याला आम्ही बोलीभाषेतली सूट समजत आलो, ते रूप व्याकरणाच्या पुस्तकात निदान पावणेचारशे वर्षे बसलेले आहे.

रूपे समोरासमोर ठेवली की निवडीचे सूत्र दिसू लागते. आकाश काळवंडून आले आहे, वारा पडला आहे. अशा वेळी इंग्रज ‘इट इज गोइंग टू रेन’ म्हणतो, आम्ही ‘पाऊस येणार’ म्हणतो. पुरावा डोळ्यांसमोर आहे. उलट पुढच्या आठवड्याविषयी नुसता अंदाज करायचा असेल तर ‘आय थिंक इट विल रेन’, ‘पाऊस पडेल असे वाटते’. येथे बोलणाऱ्याच्या मताखेरीज दुसरा आधार नाही.

माणसांच्या बेताचीही हीच तऱ्हा. ‘आय अ‍ॅम मीटिंग हिम अ‍ॅट फाइव्ह’ म्हणजे वेळ ठरली आहे, समोरच्यालाही ती ठाऊक आहे. मराठीत ‘पाच वाजता भेटतोय त्याला’ किंवा ‘उद्या गावी चाललो आहे’. इंग्रजीने ‘गो’ घेतला, आम्ही ‘चालणे’ घेतले, एवढेच. पावसाने मात्र कोणाशी वेळ ठरवलेली नसते. म्हणून ‘इट इज रेनिंग टुमॉरो’ इंग्रजाच्या कानाला खटकते आणि ‘उद्या पाऊस पडतोय’ आमच्याही. गाडीचे वेळापत्रक छापलेले असते. म्हणून ‘द ट्रेन लीव्ह्‌ज अ‍ॅट सिक्स’ आणि ‘गाडी सहाला सुटते’. येथे बोलणाऱ्याचे मत नाही, इच्छा नाही. कोणीतरी ठरवून ठेवलेली व्यवस्था आहे.

‘विल’ नुसते भविष्य दाखवत नाही याचा आणखी एक दाखला घरातच मिळतो. दारावर थाप पडते आणि कोणी म्हणते, ‘दॅट विल बी द पोस्टमन.’ पोस्टमन तर आत्ताच दारात उभा आहे. मग भविष्य कुठले? आम्हीही म्हणतो, ‘पोस्टमन असेल.’ ‘तो आतापर्यंत घरी पोचला असेल’ या वाक्याला शाळेत पूर्ण भविष्यकाळ म्हणतात. पण पोचण्याची क्रिया, झाली असलीच तर, मागेच होऊन गेली आहे. ‘असेल’ आणि ‘विल’ दोन्ही येथे बोलणाऱ्याचा तर्क सांगतात. भविष्य हा तर्काचा एक प्रांत आहे, इतकेच.

सगळीकडे असा जुळेपणा असता तर शिक्षकाला काम उरले नसते. खरी ठेच लागते ती जेथे दोन भाषा वाटा बदलतात तेथे. फोन वाजतो. इंग्रज म्हणतो, ‘आय विल गेट इट.’ निर्णय त्याच क्षणीचा. तक्त्याप्रमाणे मराठी ‘मी घेईन’. पण घरात असे कोणी म्हणत नाही. आम्ही ‘मी घेतो’ म्हणतो. म्हणजे जागच्या जागी घेतलेल्या निर्णयाला इंग्रजीत ‘विल’ लागते आणि मराठीत वर्तमानकाळ. म्हणूनच आमचा विद्यार्थी मुलाखतीला गेला की ‘मी करतो’च्या धर्तीवर ‘आय डू इट’ म्हणून बसतो. ‘तो येईल तेव्हा’ या मराठी वळणामुळे तो ‘व्हेन ही विल कम’ असेही लिहितो. येथे इंग्रजी ‘विल’ टाकते, कारण त्या उपवाक्यात भाकीत करायचेच नसते. येणे गृहीत धरून पुढचे बोलायचे असते. आम्हीही ‘तो आला की सांगतो’ म्हणताना तेच करतो, फक्त भूतकाळाच्या रूपाने. आणि ‘शॅल आय ओपन द विंडो?’ याला मराठीत भविष्यकाळच नाही; ‘खिडकी उघडू का?’ असे आम्ही विचारतो. हे सारे मराठीतून समजावले तर एका तासाचे काम आहे. तक्त्यातून समजावू गेल्यास वर्षे जातात आणि चुका तशाच राहतात.

एवढ्यावर कोणी म्हणेल, हा बोलण्या-चालण्याच्या इंग्रजीचा प्रश्न झाला. साहित्याच्या विद्यार्थ्याचे यात काय अडले? आमच्या मते सर्वांत जास्त अडले आहे ते त्याचेच. ‘कोरिओलेनस’ नाटकाच्या तिसऱ्या अंकाच्या आरंभी जनतेचा ट्रिब्यून सिसिनियस एका वाक्यात ‘शॅल’ हा शब्द वापरतो, आणि कोरिओलेनस त्या एका शब्दावर भडकतो. तो शब्द पुनःपुन्हा उच्चारून सरदारांना बजावतो की, हा कोण हुकूम सोडणारा ते पाहून घ्या. रोममध्ये सत्ता कोणाची, हा त्या नाटकाचा प्रश्न एका सहाय्यक क्रियापदावर येऊन उभा राहतो. ‘शॅल म्हणजे भविष्यकाळ’ इतकेच शिकलेल्या विद्यार्थ्याला हा संताप अकारण वाटतो. ‘मॅक्बेथ’मधल्या चेटकिणी राजपदाची गोष्ट ‘शॅल’नेच सांगतात, ती भविष्यवाणी आहे की नियतीचा हुकूम, या शंकेवर पुढचे सारे नाटक चालते. आपल्या संविधानाच्या १४व्या अनुच्छेदात कायद्यापुढील समानतेविषयी राज्याला उद्देशून जे ‘शॅल नॉट’ आहे, ते राज्य पुढे कसे वागेल याचे भाकीत नव्हे. ते राज्यावर घातलेले बंधन आहे. येथे ‘शॅल’चे जुने ऋण अजून जिवंत आहे.

अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या चळवळीचे ‘वुई शॅल ओव्हरकम’ हे गीत १९४८ साली ‘पीपल्स साँग्ज’च्या पत्रिकेत छापले गेले तेव्हा त्यात ‘विल’ होते. पुढे त्याचे ‘शॅल’ झाले. या बदलाचे श्रेय बहुधा पीट सीगर यांना दिले जाते. सीगर यांनी सेप्टिमा क्लार्क यांचेही नाव घेतले होते, आणि ‘शॅल’ म्हणताना तोंड अधिक उघडते, असे गायकाचे कारणही दिले होते. कारण नादाचे असेल. परंतु गाणाऱ्या हजारोंच्या तोंडी तो शब्द निर्धाराचा झाला, हे कोण नाकारील?

आणि भाषांतर. एक साधी कल्पना करा. कथेत मुलगी रडते आहे, आई तिला जवळ घेऊन म्हणते, ‘डोन्ट क्राय. आय विल टॉक टू हिम.’ भाषांतरकार लिहितो, ‘रडू नकोस. मी त्याच्याशी बोलेन.’ व्याकरण निर्दोष आहे. पण या मराठी वाक्यातली आई बोलेलच याची खात्री त्या मुलीला वाटणार नाही, आणि वाचकालाही. ‘रडू नकोस. मी बोलते त्याच्याशी’ असे लिहिले की आईचा हात मुलीच्या पाठीवर येतो. मूळ लेखकाने ‘आय अ‍ॅम गोइंग टू टॉक टू हिम’ असे लिहिले असते, तर ‘बोलणार आहे’ योग्य ठरले असते, आणि आईने हे आधीच मनाशी ठरवले होते ही वेगळीच गोष्ट वाचकाला कळली असती. आमच्याकडच्या कितीतरी अनुवादांत माणसे कोरडी का वाटतात, याचे एक कारण या ‘-ईन’ आणि ‘-ईल’मध्ये आहे, असे आम्हांस वाटते. वचने भाकिते होतात आणि पात्रे हवामानाच्या वार्तेसारखी बोलू लागतात.

याविरुद्धचा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, कारण कधीकाळी तो आम्हीच घेत होतो. शिकाऊ मुलाला एक सोपा नियम द्यावाच लागतो. पाचवीच्या मुलापुढे पाणिनी आणि येस्पर्सन मांडून चालणार नाही. हे खरे आहे. शिवाय ही रूपे पोलादी भिंतींनी वेगळी झालेली नाहीत. कित्येक ठिकाणी ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ दोन्ही चालतात, आणि कोणते अधिक शोभेल यावर इंग्रजांचेही एकमत होत नाही. परंतु यातून निष्कर्ष उलट निघतो. जेथे दोन रूपे चालतात तेथे एकालाच बरोबर ठरवून दुसऱ्यावर लाल रेघ ओढण्याचा अधिकार तपासनिसाला कोणी दिला? इमारत उभी राहीपर्यंत परांची बांधावी लागते, यात वाद नाही. आमची तक्रार एवढीच की, एम. ए. झाले तरी आमची परांची उतरत नाही, आणि पुष्कळांना तीच इमारत वाटू लागते.

उपाय खर्चिक नाही. ‘या वाक्याचा काळ ओळखा’ या प्रश्नाच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारावेत. बोलणारा हे कशाच्या आधारे म्हणतो : पुराव्याच्या, निश्चयाच्या, ठरलेल्या वेळेच्या की नुसत्या अंदाजाच्या? त्याने हे आधी ठरवले होते की आत्ता ठरवले? आणि ऐकणाऱ्याने त्यावर कितपत विसंबावे अशी त्याची इच्छा आहे? हे प्रश्न आधी मराठी वाक्यांना विचारावेत, मग इंग्रजी. वर्गातला कोणताही मुलगा ‘येईन’ आणि ‘येतो’ यांतला फरक सांगू शकतो. तो त्याला आईने शिकवला आहे. त्या ज्ञानाला इंग्रजीच्या तासाला प्रवेश मिळाला पाहिजे.

त्या विद्यार्थिनीने हे सारे वाचलेले नव्हते. ‘जाणार आहे’ या शब्दांत ठरलेला बेत तिला ऐकू आला, आणि इंग्रजीत ठरलेल्या बेताला जे रूप शोभते ते तिने लिहिले. तिने वाक्याचा अर्थ पाहिला होता. आम्ही तक्ता पाहिला. पुढचा गठ्ठा आला की आम्ही आधी अर्थ पाहू, असे येथे लिहिणार होतो. पण वर जे काही म्हटले त्यानंतर ‘पाहू’ या शब्दावर वाचक विश्वास ठेवणार नाहीत. म्हणून लिहितो : पाहतो.